एक्कावन्न टक्के

मनगट मोडलं माझं, आणि ज्याने गाडी घातली त्याच्या बंपरला काय तर एक ओरखडा. माझा संताप इथूनच सुरू होतो, तेव्हा आधीच सांगून ठेवते.

मी ग्लेनिस थॉर्ली. इंग्लंडमधल्या लीक गावात आणि आसपासच्या खेड्यांत घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या पायांची निगा राखते. नखं कापायची, कुरूपं काढायची, टाचा घासायच्या. ऐकायला किरकोळ वाटेल. पण नव्वदीच्या मिसेस ॲडशेडना वाकता येत नाही. त्यांचं नख बोटात रुतलं की चालणं बंद, आणि त्या वयात चालणं बंद झालं की माणूस अंथरुणालाच खिळतो. अशी माझी तेवीस माणसं. लाकडासारखी झालेली नखं कापायची म्हणजे उजव्या मुठीत जोर लागतो. त्या मुठीवरच माझं सगळं चाललेलं.

मार्चमधला मंगळवार. मला गल्लीतून निघून मुख्य रस्त्यावर उजवीकडे वळायचं होतं, आणि रस्त्यावर गाड्यांची ही लांबलचक रांग. तेवढ्यात अठरा नंबरची बस माझ्यासाठी थांबली आणि ड्रायव्हरने डिपर दिला. आमच्याकडे डिपर दिला म्हणजे 'या, निघा तुम्ही'. शेंबड्या पोरालाही कळतं. आपण हात वर करून आभार मानायचे आणि निघायचं. मी हात वर केला आणि निघाले. बसच्या मागून एक पांढरी गाडी रांग सोडून, चुकीच्या बाजूने, सुसाट आली आणि माझ्या दारात घुसली.

गाडीवाल्याचं नाव गाय पेनिंग्टन, घरांचा दलाल. उतरल्या उतरल्या म्हणाला, "तुम्ही बघून निघायला नको का?" माझा हात मनगटापासून लोंबत होता आणि हा मला शिकवत होता.

सर्जननी हाड बसवलं आणि स्पष्ट सांगितलं, "प्लास्टर काढल्याबरोबर हाताचे व्यायाम सुरू व्हायला हवेत. आठवड्यातून दोनदा, त्यातल्या माणसाकडून. उशीर झाला तर बोटं मिटणार नाहीत." सरकारी दवाखान्यात त्या व्यायामांसाठी नंबर लागायचा होता नऊ महिन्यांनी.

मी घाबरले नाही. दर वर्षी गाडीचा विमा नवा करताना फोनवर एकच प्रश्न असतो, "कायदेशीर मदतीचं जादा कवच ठेवायचं ना?" अकरा वर्षं मी 'हो' म्हणत आले. चूक दुसऱ्याची असेल तर आपल्या बाजूने वकील उभा राहतो, समोरच्याच्या विमा कंपनीकडून उपचारसुद्धा मिळवून देतो. माझा नवरा रॉय दर वेळी म्हणायचा, "तुला भांडायला वकील कशाला? तू एकटी पुरेशी आहेस." म्हटलं, बघ आता.

मदतीच्या नंबरवर कॅलम नावाचा मुलगा भेटला. गोड बोलणारा. इतका गोड, की दहा मिनिटांत माझं डोकं उठलं.

"मिसेस थॉर्ली, तुमची अडचण मी पूर्णपणे समजू शकतो."

"समजलास ना? मग वकील दे."

"त्याचं असं आहे, जिंकण्याची शक्यता एक्कावन्न टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच आम्ही वकील देतो. तुमची शक्यता पंचेचाळीस टक्के आहे."

"हे पंचेचाळीस कुणी मोजले?"

"आमच्या वकिलांनी."

"म्हणजे वकील आहेत. ते मला हरवायला बसलेत, जिंकवायला नाहीत."

"तुमचा त्रास मी समजू शकतो."

"त्यांनी मला पाहिलं? रस्ता पाहिला?"

"त्यांनी कागदपत्रं पाहिली. तुम्ही गल्लीतून निघत होतात, तो गृहस्थ मुख्य रस्त्यावर होता." मग म्हणाला, "एखादा साक्षीदार असता तर पुन्हा विचार करता आला असता."

सहा टक्के. सहा टक्क्यांसाठी माझी बोटं अडली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी प्लास्टर गळ्यात अडकवून अठरा नंबरच्या थांब्यावर जाऊन बसायला लागले. बस आली की ड्रायव्हरचं तोंड बघायचं आणि 'नाही, जा तुम्ही' म्हणायचं. लोक विचित्र नजरेने बघत होते. रॉय म्हणाला, "तुला आता थांब्यावरची बाई म्हणूनच ओळखतील." म्हटलं, ओळखू देत. चौथ्या दिवशी सापडला. जाडजूड, पिकलेल्या मिशांचा, डेरिल हॅसल नावाचा माणूस. मी काही बोलायच्या आत त्याची नजर प्लास्टरवर गेली आणि चेहरा पडला.

"त्या लाल गाडीतल्या तुम्हीच ना? मी रोज विचार करतो, त्या बाईंचं काय झालं असेल."

मी त्याच बसने शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, तिथे त्याची मधली सुट्टी होती. त्याने डब्यातला चीज भरलेला ओटकेक, म्हणजे आमच्याकडचं ओटचं धिरडं, अर्धा करून मला दिला, आणि मी सगळं सांगितलं.

"मी लिहून देईन," तो म्हणाला. "डिपर मी दिला. तो माणूस मागून सुसाट आला, तेही पाहिलं. फक्त एक आहे. आम्हाला डिपर द्यायची बंदी आहे. कंपनीचा नियम. मागच्या वर्षी मला त्यावरून एकदा समज दिलीय."

"मग राहू द्या," मी म्हणाले. खरं सांगते, तोंडाने राहू द्या म्हणत होते आणि मनात म्हणत होते, नको, राहू देऊ नका.

"अहो बाई, माझ्या भरवशावर निघालात तुम्ही. आणि मी तोंडाला कुलूप लावून बसू? मला मग ते स्टिअरिंग धरवणार नाही."

त्याने पाटीवर लिहिल्यासारख्या ठळक अक्षरांत दोन पानं लिहून दिली. ती मी त्याच संध्याकाळी पाठवली. घरी येऊन रॉयला म्हटलं, "जगात माणसं आहेत बरं का." तीन आठवडे कुणी ब्र काढला नाही. प्लास्टर निघालं. बोटं आखडून अर्धवट वाकलेली, ना उघडत होती ना मिटत होती. रोज फोन, रोज तेच संगीत, रोज 'तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे'. मग एकदाचा कॅलम फोनवर आला.

"मिसेस थॉर्ली, नवीन जबाबानंतर तुमची शक्यता तीस टक्के झाली आहे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "वाढली ना?"

"कमी झाली. या जबाबावरून सिद्ध होतं की तुम्ही स्वतः खात्री न करता दुसऱ्याच्या डिपरवर निघालात. नियमपुस्तकात डिपरचा अर्थ फक्त 'मी इथे आहे' एवढाच आहे."

तळपायाची आग मस्तकात गेली. "या अख्ख्या देशात तो अर्थ कोण घेतं? तू घेतोस? तुला कुणी डिपर दिला तर तू काय करतोस?"

तो हळूच म्हणाला, "मीही निघतो."

"मग?"

"पण ते कागदावर येत नाही, मिसेस थॉर्ली."

"साक्षीदार तूच मागितलास ना? आणि त्या माणसाचा वेग?"

"साक्षीदाराने सांगितलेला वेग नुसता अंदाज धरला जातो. आणखी एक, पद्धतीप्रमाणे जबाबाची प्रत खात्रीसाठी बस कंपनीकडे गेलेली आहे."

मी फोन ठेवला. आपटायचा होता, पण उजव्या हातात आपटण्याएवढाही जोर नव्हता. करायला गेले काय आणि होऊन बसलं काय. माझं गेलं ते गेलंच, वर त्या भल्या माणसालाही मीच खड्ड्यात ढकललं. त्या आठवड्यात मिसेस ॲडशेडच्या मुलीला फोन करून दुसरी बाई शोधायला सांगितलं. मग एकेक करून बाकीच्या बावीस जणांना.

डेरिलला स्टिअरिंगवरून काढलं हे मला डेपोत कळलं. आता तो बस धुवायच्या कामावर होता. पत्ता विचारून मी त्याच्या घरी गेले. जाणं भाग होतं. वाटभर वाक्यं जुळवत होते. माफी कशी मागायची, त्या कॅलमच्या सात पिढ्यांचा उद्धार कसा करायचा, तीस टक्क्यांचं सांगायचं की नाही.

दार त्यानेच उघडलं. स्वयंपाकघरात नेऊन बसवलं, चहा केला आणि कप नेमका माझ्या उजव्या हाताशी ठेवला. साबणाच्या पाण्याने त्याची बोटं सुरकुतली होती. मी तोंड उघडायच्या आत तो समोर बसला आणि म्हणाला, "माझं सोडा. बसून बसून पाठ धरायची, ते तरी थांबलं. आधी सांगा, माझ्या कागदाचा काही उपयोग झाला का?"

खरं ते ओठांवर आलं होतं. तीस टक्के हा शब्दसुद्धा आला होता. आयुष्यात मी कुणाचा मुलाहिजा ठेवला नाही, रॉयला विचारा. पण तो माणूस टेबलावर दोन्ही कोपरं टेकून माझ्याकडे बघत होता, निकाल ऐकायला बसल्यासारखा.

"झाला ना," मी म्हटलं. "तुमच्यामुळेच झालं. पुढच्या सोमवारपासून हाताचे व्यायाम सुरू."

त्याचे खांदे खाली आले. "मग ठीक आहे," तो म्हणाला. "मग त्या बस मी धुवीन."

तो दूध आणायला वळला, तेवढ्यात मी उजवा हात टेबलाखाली घेतला आणि चहाचा कप डावीकडे सरकवला. निघेपर्यंत तो हात तिथेच मांडीवर दाबून ठेवला.