बातमी पोचेपर्यंत

ज्याला कळलं त्याला सुतक. कळलं नाही तोवर नाही. भाऊबंदांत कुणी दूरगावी वारला, तरी बातमी येईपर्यंत घरातली पूजा चालू राहते.

पाळी गावातल्या त्या घरात, चवथीच्या तिसऱ्या दिवशी दुपारी, बातमी फक्त समीक्षापर्यंत पोचली होती.

फोन बेळगावहून. चुलतजाऊ विनिताचा, सासऱ्यांच्या थोरल्या भावाच्या घरातून.

"मोठे बाबा गेले गो. सकाळी. मुलासाठी थांबलोय. प्रज्योत उद्या पहाटे दुबईहून पोचेल, मग लगेच नेणार. सगुणकाकांना आत्ता सांगायचं की गणपती पोचवल्यावर, ते तूच ठरव. माझं डोकं चालत नाही."

गणपती पाच दिवसांचा, विसर्जन परवा. सांगितलं तर पूजा थांबणार. नाही सांगितलं, तर सासऱ्यांना सख्ख्या भावाचं तोंड शेवटचं दिसणार नाही. नवऱ्याला, विशालला सांगितलं तर तोही अडणार, मग देवापुढे दिवा लावायला घरात कोण? समीक्षाने "माझी अडचण आहे" एवढंच सांगितलं. नैवेद्य विशालने दाखवला.

चार वाजता सासरे सगुण म्हणाले, "चल, मंडपात व्याख्यान आहे. डिचोलीचा मास्तर येतोय. कृष्णविवरावर."

ती गेली. मंडपाच्या बाहेर, पत्र्याच्या सावलीत खुर्ची ओढून बसली. आतलं सगळं ऐकू येत होतं.

*

पहिला प्रश्न विठ्ठलचा. खाणी चालू होत्या तेव्हा तो खनिजाचा ट्रक चालवायचा.

"मास्तर, तुमची ती विवरं आमच्या खाणीच्या खड्ड्याएवढी असतात काय?"

"मोठी असतात."

"मग पावसात पाणी भरतं?"

मंडप हसला. गौरेश मास्तरही हसला. "पाणी घाला, माती घाला, उजेड घाला. बाहेर काही येत नाही."

"आमच्या पंचायतीत अर्ज घालतात तसं," मागून कुणीतरी म्हणालं.

*

यशवंत उभा राहिला. सगुणच्या शेजारच्या घरातला.

"प्रश्न नाही, सांगतोय. हे सगळं आपल्या पुराणात आहे. राजा मुलीला घेऊन ब्रह्मदेवाकडे गेला, तिथे गाणं ऐकत बसला, परत आला तर खाली युगं उलटलेली."

"गोष्ट चांगली आहे," गौरेश म्हणाला. "इथला काळ आणि तिथला काळ वेगळा चालेल, हे त्यांना सुचलं. किती वेगळा, ते काढायला गणित लागलं."

"म्हणजे आहे ना पुराणात."

"सुचलेलं आहे."

यशवंत बसला. आपण जिंकलो की हरलो, हे त्याने बायकोकडे बघून ठरवायचा प्रयत्न केला.

*

बाहेर समीक्षा मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती.

बाबा, बेळगावहून

बाबा, मोठ्या बाबांना सकाळी

बाबा, तुम्ही आधी बसा

*

शीतल कॉलेजात शिकते. "सर, माझ्या आईला व्हिडिओ आलाय. विवर पृथ्वी गिळणार म्हणून. ती विचारते, कापणीला माणसं सांगून ठेवू की नको?"

"सांगून ठेव म्हणावं. जवळात जवळचं विवरसुद्धा इतकं लांब आहे, की तेवढं अंतर कापायला उजेडालासुद्धा दीड हजार वर्षं लागतात."

मग मास्तर उजेडाकडे वळला. सूर्य या क्षणी विझला, तर आठ मिनिटं आपल्याला कळणारच नाही, म्हणाला. आपण उन्हातच बसू.

"मग त्या आठ मिनिटांत सूर्य आहे की नाही?" विठ्ठल.

"कुणाचं घड्याळ धरायचं त्यावर आहे. सगळ्या विश्वाचं मिळून एक 'आत्ता' नसतंच."

"आमच्या घरात बायकोचं घड्याळ धरतात," विठ्ठल म्हणाला. पुन्हा हसू.

समीक्षा हसली नाही. दुपारपासून तिला वाटत होतं आपण काहीतरी लपवतोय. आता पहिल्यांदा वाटलं, कदाचित आपण फक्त मध्ये आहोत. सूर्य आणि ऊन यांच्यामध्ये कुठेतरी. तसंच राहावं. पाचव्या दिवसापर्यंत बाबांना ऊन मिळू दे, त्यात कुणाचं काय गेलं?

बरं वाटलं तिला. फार थोडा वेळ.

*

कारण मग सासरे उठले.

सगुण सभेत बोलणारा माणूस नव्हे. माइक त्यांनी हातात घेतला नाही, दुसऱ्या कुणीतरी तोंडासमोर धरला.

"मास्तर, एक माणूस त्या विवरात पडतोय. आम्ही बाहेरून बघतोय. आम्हाला काय दिसतं?"

"तो हळू होत जाताना दिसतो. काठाशी जवळजवळ थांबतो. आत गेलेला कधीच दिसत नाही."

"म्हणजे आमच्यासाठी तो काठावरच."

"हो. फक्त चित्र तांबडं होत जातं, मंद होत जातं. शेवटी दिसेनासं होतं."

"आणि त्याच्यासाठी?"

"त्याच्यासाठी काही थांबत नाही. त्याचं घड्याळ नीट चाललेलं असतं. तो काठ ओलांडतो, पुढे जातो."

"त्याला ठाऊक असतं काय, आम्ही अजून बघत बसलोय ते?"

"बाहेरचा उजेड त्याच्यापर्यंत पोचतो, काका. बाहेर काय आहे ते त्याला दिसतं. त्याचं मात्र आपल्याला काही कळत नाही."

"बरं," सगुण म्हणाले आणि बसले.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. वाजवायच्या की नाही ते लोकांना कळलं नसावं.

*

वाटेत शेताच्या बांधाशी समीक्षा थांबली.

"बाबा."

"घरी जाऊन बोलू."

"नाही बाबा. आत्ताच."

सगुण शेताकडे बघत उभे राहिले. "दुपारी तुझा फोन वाजला. तू परसात गेलीस. परत येऊन मला आमटी दोनदा वाढलीस, आणि माझ्याकडे बघितलं नाहीस. दादा आजारी होता ते ठाऊकच होतं."

तिने आता त्यांच्याकडे बघितलं.

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. म्हणून विचारलं नाही." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाला पुसला. "म्हटलं, तेवढाच दादा काठावर राहील. पण मास्तर म्हणतो तिकडे काही थांबत नाही. आपणच बसलोय थांबवून." मग विचारलं, "कधी नेणार?"

"प्रज्योत पहाटे येतोय. मग लगेच."

"मग आज निघायला हवं. विशालला गाडी काढायला सांग."

*

देव घरात असताना घर बंद ठेवत नाहीत. भावकीबाहेरचा म्हणून यशवंत बायकोला घेऊन आला. आरती, नैवेद्य, पाचव्या दिवशी पोचवणं, सगळं त्याच्याकडे. पुराणाबद्दल तो काही बोलला नाही. "दूर्वा कुठे ठेवल्यात?" एवढंच त्याने विचारलं.

सगुणनी उंबऱ्याबाहेरूनच हात जोडले.

गाडी साखळी गाव सोडून केरीच्या रस्त्याला लागली, तेव्हा मागच्या सीटवरून ते म्हणाले, "आता नीट सांग."

"काय, बाबा?"

"सगळंच. तू अजून सांगितलेलं नाहीस."

खरंच होतं. तिने एकदाही तोंडाने म्हटलं नव्हतं. समीक्षाने विनिताचं वाक्य आधी उच्चारलं, तसंच्या तसं: मोठे बाबा गेले. मग पहाटेपासूनचं, विनिताने फोनवर सांगितलेलं. चहा मागितला, तो अर्धा प्याले. खिडकी उघडायला सांगितली. विशाल गाडी हळू चालवत होता. चोर्ला घाटाची वळणं सुरू झाली तरी ती सांगत राहिली, आणि सासरे प्रत्येक गोष्टीला "हं" म्हणत राहिले. मध्येच एकदा त्यांनी विचारलं, "साखर घातली होती काय चहात? त्याला बंद केली होती."

"ते विनिताने सांगितलं नाही, बाबा."

"विचारू," ते म्हणाले, आणि तेव्हा त्यांना रडू फुटलं.