आईच्या भुवया

डेल दहा वर्षांचा होता आणि घरीच शिकत होता. दुसरीत असताना सकाळी शाळेची बस दिसली की तो ओकायचा. शेवटी त्याच्या आईनं, नॉर्मानं, त्याला शाळेतून काढलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाचीच शाळा केली. त्याला तीन वर्षं झाली. घरी त्याची दहातली नऊ गणितं बरोबर यायची. मागच्या वर्षी तपासणीला लायब्ररीत परक्या बाईंसमोर बसवलं, तर एकसुद्धा आलं नाही. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शिक्षण ऑफिसनं वर्षाची मुदत दिली. यंदाही तेच झालं तर ऑगस्टपासून परत ती पिवळी बस. आणि गुरुवारी त्या ऑफिसातल्या प्रूइट बाई घरी तपासायला येणार होत्या.

मंगळवारी सकाळी आई वृद्धाश्रमातली रात्रपाळी करून आली ती बुटांसकट टेबलाशी बसली. डेलची थोरली बहीण रेनी ओट्याला टेकून नाश्ता करत होती. सतरा वर्षांची. गेल्या हिवाळ्यात मास्तरांच्या टेबलावर पुस्तक आपटून तिनं शाळेला रामराम ठोकला होता.

"तीन छेद चार अधिक एक छेद आठ," आई म्हणाली.

डेलनं पेन्सिल उचलली, पण कागदाकडं बघितलंच नाही. "खाली... बारा?" आई गप्प. "चार?" गप्प. "आठ?"

आईच्या भुवया वर गेल्या.

"आठ! आणि वर... चार? पाच? सहा? सात?"

आईनं श्वास सोडला. "बघ, येतं त्याला. सावकाश, पण येतं."

रेनीचा चमचा वाडग्यातच राहिला. "आई, त्याला घंटा येत नाही."

"तोंड सांभाळ."

"अगं, तो गणित नाही सोडवत, तुझं तोंड वाचतोय! लायब्ररीत तुझं तोंड नव्हतं, म्हणून भोपळा."

डेलचे कान लालभडक झाले. आईनं ते बघितलं.

"शाळा सोडलेली पोरगी शिकवणार आता मला?"

"सोडली म्हणूनच कळतं. मीपण मास्तरांचं तोंडच वाचायचे. त्यावर जे लिहिलेलं असायचं ते मला आवडलं नाही, एवढंच."

रेनीनं आईला उठवलं आणि तिची खुर्ची फरफटत खिडकीकडं फिरवली. "बस. पाठ इकडं."

भांडायला अंगात जीव पाहिजे. आई बसली.

पुढच्या गणिताला दहा मिनिटं गेली. मग डेलनं पेन्सिल भिरकावली. "आई, इकडं बघ ना."

"मग तीन वर्षं मी शिकवलं तरी काय?" आईनं खिडकीलाच विचारलं.

रेनीच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते तिनं गिळलं आणि पेन्सिल शोधायला टेबलाखाली वाकली.

दोन दिवस हेच चाललं. कागदाच्या पट्टीला घड्या घालायच्या, आठ भाग मोजायचे, चुकायचं, रडायचं. एकदा रेनीनं वही फाडली. मग तीच चिकटपट्टीनं जोडत बसली.

गुरुवारी प्रूइट बाईंनी दहा गणितं समोर ठेवली. आई खिडकीकडं तोंड करून शेंगा सोलत होती.

"हे बरोबर आहे का?" डेलनं विचारलं.

आईचे खांदे वर आले. रेनी तिच्या मानेकडं डोळे वटारून बघत होती. फिरू नकोस. शपथ आहे तुला, फिरू नकोस. शेंग हातातच राहिली. मान फिरली नाही.

"थांबा," डेल स्वतःशीच पुटपुटला. खोडरबर घासल्याचा आवाज आला. त्यानं पट्टी काढली आणि बोटानं परत मोजली.

"चार बरोबर," शेवटी बाई म्हणाल्या. "मागच्या वर्षी एकही नव्हतं. प्रगती आहे असं लिहिते, घरीच शिकू दे." त्यांनी सही केली. "पण सहा चुकलीत, नॉर्मा. अपूर्णांक पहिल्यापासून घ्यावे लागतील."

"म्हणजे परत तेच," आई म्हणाली, आणि शेंगांच्या टोपल्याशेजारी डोकं टेकून तिनं डोळे मिटले.

"आई, तू रागावलीस?" डेलनं विचारलं. तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता.

"झोप आलीय रे तिला," रेनी म्हणाली. "चल, पहिलं चुकलेलं काढ."