आज्ज्याने किती टक्के धरले?

संगणकावरच्या तक्त्यात, चौकटीच्या उजव्या कोपऱ्यातला तो तिळाएवढा हिरवा ठिपका... त्यावर बाण नेला की बाणाची बारीक काळी फुली व्हायची, मग बोट दाबून खाली ओढायचे, की वर्षे आपसूक भरत जायची – २०२६, २०२७, २०२८ – एकही तक्रार न करता. ललिताला अजूनही याची गंमत वाटे. अर्थशास्त्राच्या या संस्थेत सत्तावीस वर्षे काढली, केस पिकले, चष्म्याचा नंबर तीनदा बदलला, आणि तरी भविष्य असे बोटाने खाली ओढून आणता येते हे तिला पुरते पटलेले नव्हते. आज २०७५ला थांबायचे होते. समितीने पन्नास वर्षे ठरवून दिली होती. त्यापलीकडे कोण बघायला जातो, असे अध्यक्ष श्रीनिवास म्हणाले होते आणि सगळे हसले होते, तीसुद्धा. ती २०४०च्या आसपास असेल तेव्हा फोन थरथरला. तो तिने डाव्या हाताने उचलला आणि उजवे बोट दाबलेलेच राहिले.

“जयभीम, ललू. कामात हायस का?”

हिंदुरावदादा. कौशल्याआत्याचा मुलगा, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, शहराबाहेरच्या एका वीटभट्टीवर मुकादम.

“जयभीम, दादा. बोल ना.”

“पेपरात आलंय, भट्ट्या बंद करणार म्हणं. सा वर्सात. तू हायस न्हवं त्या कमिटीत?”

“आहे. अजून ठरलं नाही काही. आज चार वाजता बैठक आहे.”

“बरं.” मागे कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता, त्याचा आवाज थोडा वेळ येत राहिला. “चाळीस जोड्या हायत माझ्याकडं. नवरा-बायकू. ते इचारत्यात, म्हनून फोन केला. तू करशील ते बरोबरच असंल म्हना. आमच्यात शिकल्यालं कोन हाय तुझ्याबिगर?”

हेच वाक्य सदाशिव पेठेतल्या कोणी म्हटले असते तर ते कुठे लागायला हवे हे तिला बरोबर कळले असते. पण दादाच्या बोलण्यात टोमणा नसतोच. तो जे म्हणतो तेच त्याला म्हणायचे असते, आणि त्याच्यापुढे तिची नेहमी पंचाईत होते. तिने “कळवते” म्हटले आणि फोन ठेवला.

समोर पडद्यावर २३२५ साल आले होते.

ओळी खाली खाली पळत तीनशे वर्षे ओलांडून गेल्या होत्या. शेवटच्या रकान्यात शून्य होते. नुसते शून्य नव्हे, शून्य पूर्णांक शून्य शून्य, आणि त्याच्या वरही शून्य, त्याच्याही वर... तिने वर सरकत जाऊन पाहिले, कुठल्या सालापासून माणसांची किंमत संपते ते. आठ टक्क्यांचा वटाव लावला होता. तिच्या धंद्यातली ही साधी गोष्ट: उद्याचा रुपया आजच्या रुपयापेक्षा स्वस्त, परवाचा त्याहून स्वस्त, आणि किती स्वस्त ते ठरवणारा दर म्हणजे वटाव. आठ टक्के धरले तर शंभर वर्षांनी होणारे एक कोटीचे नुकसान आज भरते साडेचार हजारांचे. तीन टक्के धरले तर तेच पाच लाखांच्या वर जाते. भट्ट्या बंद करायचा खर्च आजचा होता, रोख. वाचणारे नुकसान – उष्म्याचे, पुराचे, बुडालेल्या पिकांचे, छातीच्या दुखण्यांचे – ते पुढचे, कुणाचे तरी. तीन टक्क्यांनी योजना फायद्यात होती. आठ टक्क्यांनी ती कपाटात जाणार होती. दर सुचवायचा होता ललिताने, आज चार वाजता.

मी या आधी हे शून्य पाहिले कसे नाही? पन्नास वर्षांवर थांबत आले म्हणून. तिने एका चौकटीवर टिचकी मारून दशांशचिन्हापुढची घरे वाढवली, दोनाची चार, चाराची सहा, तेव्हा शून्यातून आकडे निघाले. २३२५ सालचे एक कोटी म्हणजे आज एका पैशाचा दहावा हिस्सा. पण होता. एक बाई होती तिथे – बाईच का, कोण जाणे – ललिताच्या घराजवळ, वारज्याच्याच जमिनीवर, मुठेच्या त्याच वळणाजवळ, कुठली भाषा बोलत असेल ती असो, सकाळी उठून पाणी आले का ते बघत असेल...  एवढी माणसे! नुसती बोट उचलायला विसरल्यामुळे एवढी माणसे समोर येऊन उभी राहतील याची ललिताला कल्पना नव्हती.

साडेअकराला तिला उठावे लागले, कारण आबांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचे होते. आबा म्हणजे तिचे वडील पोपटराव, वय ऐंशी, खडकवासल्याच्या कालव्यावर पाटकरी म्हणून निवृत्त झालेले. सदाशिव पेठेतला दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट ‘फक्त उतरण्यासाठी’ होती. आबांनी ती पाटी दोनदा वाचली आणि ते जिना चढले. दारातल्या बाईंनी दोन्ही डोळ्यांत थेंब घातले.

“आजोबा, डोळे मिटून बसायचं. उघडलेत तर परत थेंब, परत अर्धा तास. तुमची मर्जी.”

आबा डोळे मिटून बसले. मिटल्या डोळ्यांचा म्हातारा माणूस फार जुना दिसतो; आणि त्याला काहीही विचारायचा धीर होतो, तो आपल्याकडे बघत नसतो म्हणून असेल. सकाळपासून तिच्या मनात जे घोळत होते ते एकदम बाहेर पडले.

“आबा, छप्पन साली आज्ज्यानं बलुतं सोडलं, तेव्हा घरात धान्य किती होतं?”

“आज काय मधीच?”

“सांगा ना.”

“दीड पोतं. बाजरी.” आबांनी डोळे न उघडता बोटे मांडीवर टेकवली. शहरात पन्नास वर्षे काढूनही त्या सालाबद्दल ते गावच्याच बोलीत बोलत. “दीक्षा घेऊन आला बाप, आन् म्हनला, आजपासनं मेलेलं ढोर वढायचं न्हाई. खळ्यावर मागायला जायचं न्हाई. झालं. गावानं काम बंद केलं. हिरीवर जाऊ देत न्हवतेच, आता वाटबी बंद.”

ही गोष्ट तिने लहानपणापासून ऐकली होती. दरवर्षी ऑक्टोबरात घरात ती सांगितली जाई. पण ऐकली होती ती अभिमानाची म्हणून. दीड पोते हा आकडा तिला आज पहिल्यांदा ऐकू आला. सात माणसे. दीड पोते. दिवाळी ते पुढचे पीक... तिने मनातल्या मनात भागाकार केला आणि तो फेब्रुवारीच्या आत संपला.

“आज्ज्यानं विचार काय केला होता पण? पुढं काय खायचं याचा?”

“बापाला हिशेब कुठं येत व्हता? विसाच्या वर गेलं की थांबायचा.” आबा किंचित हसले. “येवढंच म्हनला, माझ्या नातवाला कुनी खळ्यावर सूप घिऊन हुभं करनार न्हाई.”

“नातू कुठं होता तेव्हा?”

“न्हवता की. मीच अकरा वर्साचा.”

ती उठून शेजारच्या गॅलरीच्या कठड्याशी गेली. खाली रस्त्यावर दोन स्कूटर एकमेकींना वाट देत नव्हत्या आणि तिसरा माणूस दोघांनाही शिस्त शिकवत होता. अकरा वर्षांच्या पोराच्या पलीकडे, त्याच्या न झालेल्या लग्नाच्या पलीकडे, त्या माणसाने पाहिले होते – ज्याला विसाच्या पुढे मोजता येत नव्हते त्याने – आणि तिथे त्याला मी दिसले होते. नातू म्हणाला तो, नात म्हणाला नाही, ते सोडा. पण मीच ती. माझे नाव नव्हते, तोंड नव्हते, एका पैशाचा दहावा हिस्साही मी नव्हते, आणि माझ्यासाठी त्याने दीड पोत्यावर सात माणसांचे वर्ष काढले. किती टक्के धरले होते त्याने? तिला इतके थोर, इतके भीतीदायक असे काही आजवर कळलेच नव्हते. आज्ज्याचा फोटोसुद्धा नव्हता घरात. असता तर तो काय कामाचा, असेही तिला वाटले.

“आणि कौशल्याआत्या?” तिने विचारले.

आबांच्या मिटल्या पापण्यांतून थेंबाचे पाणी गालावर आले, ते औषधाचेच असावे.

“आमी दोगंबी साळंत. ती हुशार, माझ्यापरास. एकच जन शिकंल एवढंच व्हतं. कौशी गेली सडकंवर खडी फोडायला. तेरा वर्साची व्हती.”

“ती काही म्हणाली नाही?”

“तिला कुनी इचारलंच न्हाई.”

आबांना रिक्षाने वारज्याला पोचवून ती संस्थेत परतली तेव्हा अडीच वाजले होते. तिने कोरे पान उघडले. हे करू नये हे तिला कळत होते, पण हात शिवशिवत होता. इतकी वर्षे एकच विद्या शिकलेल्या माणसाला भारावून गेल्यावरही तीच सुचते. पहिल्या ओळीत १९५६ घातले. तोटा: गेलेले बलुते, बंद झालेली मजुरी. लाभ: आबांचा पगार, सहासष्टपासून, तिचा पगार, मग हे, मग ते... अंदाजाचे आकडे, पण अगदीच हवेतले नव्हेत. आठ टक्क्यांनी आज्जा तोट्यात निघाला, चांगलाच. तीन टक्क्यांनी तो फायद्यात आला, आणि ललिताला परीक्षेत कोणी घरचे पास झाल्यासारखा आनंद झाला. मग सवयीने ती ओळी तपासू लागली.

लाभाच्या रकान्यात, दुसऱ्याच ओळीत, तिने लिहिले होते: खडी फोडण्याची मजुरी.

आत्याची मजुरी. घरात आलेला पैसा, म्हणजे मिळकत, म्हणजे लाभ – नियमाप्रमाणे बरोबर; कोणाही परीक्षकाने खूण करून पुढे जावे इतके बरोबर. शाळेतून उठवलेली पोर तिने, ललिताने, स्वतःच्या हाताने फायद्यात मांडली होती, आणि कळतही नव्हते. शेवटच्या दिवसांत आत्या धापा टाकत पलंगावर बसायची तेव्हा ललिताच तिला विचारायची, “आत्या, काही हवं का?” आणि ती म्हणायची, “तू हायस ना शिकून, बास.” तोटा कुठे लिहायचा याला रकानाच नव्हता.

एक भयंकर शंका येऊन तिने समितीचा तक्ता उघडला. लाभ. ओळ सतरा. ‘भट्ट्यांतून मोकळे होणारे मनुष्यबळ’. शब्द तिचेच होते. हिंदुरावदादा आणि त्याच्या चाळीस जोड्या, तिथे, फायद्यात. त्याच्या आईच्याच रकान्यात.

चार वाजले होते. मोठ्या खोलीत पंखा, पाण्याच्या बाटल्या, नऊ माणसे. श्रीनिवास निवृत्त अधिकारी होते, नाकावर चष्मा आणि जिभेवर धार.

“या ललिताबाई. आपण सगळे आपल्या एका आकड्याची वाट पाहतोय. तीन की आठ? का साडेपाच धरून दोन्ही बाजू सारख्या नाराज करायच्या?”

कोणीतरी हसले. कागद तिच्या हातात होता आणि त्यावर तीन लिहिले होते, सकाळीच, हिरव्या शाईत. तीनच बरोबर होते; आज्ज्याने तीनही धरले नसते, त्याने काहीच धरले नसते. आणि ते बरोबर म्हणायला जावे तर आत्या खडी फोडत बसलेली दिसे, मान वर न करता, तेरा वर्षांची, जिला कोणी विचारले नाही... सकाळी पडद्यावर तीनशे वर्षांपलीकडे पाहून आपण हरखलो, ते सोपे होते. इकडची, शेजारची, एका फोनवरची माणसे पाहायची राहिली. दोन्हीकडे पाहू शकेल असा माणूस असतो का? आज्जा तसा नव्हता. तो फक्त पुढे पाहत होता, म्हणून तर तो एवढा मोठा झाला, आणि म्हणूनच...

“ललिताबाई?”

खोली तिला फार मोठी वाटू लागली. मागे न मोजता येणारी माणसे आणि पुढे न मोजता येणारी माणसे, आणि मधे हे एक टेबल, ही नऊ माणसे, पाण्याच्या बाटल्या. तिच्या छातीत भीती होती आणि भीतीहून काहीतरी मोठे, ज्याच्यापुढे बसून राहणे बरे दिसत नव्हते. ती खुर्ची सरकवून उभी राहिली. बोलायला उभी राहिली असे सगळ्यांना वाटले, आणि श्रीनिवासांनी पेनचे टोपण काढले. पण वडीलधारे खोलीत आले की माणूस उठतो, तशी ती उठली होती; आणि हे उठणे आज्ज्यासाठी आहे की आत्यासाठी, हे तिचे तिलाही सांगता आले नसते.