पाय थांबत नाही

मी गॅरेजमध्ये डेंटर आहे. चेपलेल्या गाड्या ठोकून सरळ करतो. दिवसभर हातोडा हाणून घरी आलो तरी अंगात काहीतरी उरतंच, ते मी रविवारी फुटबॉलच्या मैदानावर काढायचो. बायकोच म्हणायची, जा बाबा, काय ते तिकडे आपटून ये आणि माणसासारखा परत ये. अकरा वर्षं हे बरं चाललं होतं. मग मी समोरच्या टीममधल्या फरशीवाल्याचा गुडघा मोडला.

बॉल दोघांच्या मधे होता. तो आधी पोचला, मी मागून पोचलो, आणि माझा बूट बॉलवर न बसता त्याच्या गुडघ्यावर बसला. आवाज असा झाला की रेफरी शिट्टी तोंडात धरून नुसताच उभा राहिला. फरशी बसवणारा माणूस गुडघ्यांवर बसून पोट भरतो, हे मला कोणी सांगायला नको होतं. मी सगळ्यांना एकच सांगितलं, की मुद्दाम नाही केलं, पळता पाय थांबत नाही. दवाखान्यात त्याच्या बायकोला हेच सांगितलं, लीगच्या कमिटीला लेखी हेच दिलं. माझ्या टीमने मला काढलं ते काढलंच.

आमच्या लीगमध्ये असं हाकललेल्या माणसाला दुसरी टीम घेऊ शकते, पण तिच्या कॅप्टनला हमीच्या फॉर्मवर सही करावी लागते. त्या माणसाने पुन्हा कुणाला लोळवलं तर अख्खी टीम वर्षभर घरी. असला निखारा पदरात कोण बांधून घेईल? मी तो फॉर्म घेऊन सात कॅप्टनांचे उंबरे झिजवले. एकाने दार उघडलं, माझं थोबाड पाहिलं आणि लावून घेतलं. दुसरा न्हावी, त्याने अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासमोरच सुनावलं, "तुला घेण्यापेक्षा आम्ही दहा जण खेळू."

तीन महिने रविवार घरात काढले. तिसऱ्या महिन्यात एकदा लेकीने वही सापडत नाही म्हणून भुणभुण लावली, आणि माझी मूठ तिच्या कानाजवळून कपाटाच्या दारात गेली. प्लायवूड फुटलं, कपच्या तिच्या केसांत अडकल्या. नऊ वर्षांची पोर. ती रडलीसुद्धा नाही, ते मला जास्त लागलं. मी बायकोला म्हणालो, "हात थांबला नाही गं." तिने लेकीच्या केसांतल्या कपच्या एकेक करून वेचल्या, दोघींच्या कपड्यांची बॅग भरली आणि दाराशी नेऊन ठेवली.

"रविवारपर्यंत टीम शोध," ती म्हणाली. "नाही मिळाली तर मी हिला घेऊन दादाकडे जाते."

शनिवारी बेकरीवाल्याचा फोन आला. हा फरशीवाल्याच्या टीमचा कॅप्टन. "आम्हाला एक बॅक कमी पडतोय," तो म्हणाला. "का कमी पडतोय ते तुला माहीत आहे. उद्या सकाळी प्रॅक्टिसला ये, फॉर्म घेऊन." मी काही दूधखुळा नाही. प्रॅक्टिसला रेफरी नसतो, एवढं मला कळतं. तरी गेलो.

बेकरीवाल्याने फॉर्म घेऊन खिशात घातला. "अर्धा तास बॉल तुझ्याकडे. आम्ही तो काढून घेणार. तू एकदा जरी उलटा हात नाहीतर पाय उचललास, तर हा फाडणार."

पहिल्याने मागून घोट्यावर बूट घातला. मी पडलो, उठलो, बॉल पायाखाली घेतला. दुसऱ्याने कोपर नाकावर मारलं, आणि रक्त नाकातून तोंडात आलं. मग एकाने गुडघा बरगडीत घातला आणि मी खाली असतानाच दुसरा माझ्या बोटांवर उभा राहिला. "सॉरी हं," म्हणाला आणि टाच फिरवली. "काय रे, हातोडा घरी विसरलास का?" कोणीतरी विचारलं, आणि सगळे हसले.

खरं सांगतो, त्यांच्यातल्या दोघांना तरी मी तिथेच आडवं केलं असतं. मुठी आपोआप वळत होत्या. मी चड्डीची नाडी दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि दाराशी ठेवलेली बॅग आठवत राहिलो. भुवई फुटली, एक दात हलायला लागला, तरी मी कुणाला बोट लावलं नाही.

"बास," बेकरीवाला म्हणाला, आणि सगळे बाजूला झाले.

कडेच्या बाकावरून फरशीवाला उठला. तो तिथे बसलाय हे मी पाहिलंच नव्हतं. त्याने काठी टाकली, लंगडत मधे आला आणि बॉल ठेवला.

"पळत ये," तो म्हणाला. "त्या दिवशी आलास तसा."

"अरे, तुझा गुडघा..."

"गुडघ्याचं मी बघतो. नाही आलास तर सही विसर."

मी पळालो. जीव खाऊन पळालो, कारण कमी पळालो असतो तर त्याला कळलं असतं. मी दोन पावलांवर असताना त्याने तोच पाय, तोच गुडघा, बॉलच्या पुढे रोवला. माझा बूट उचललेला होता. मी तो वळवला, अंग बाजूला झोकून दिलं आणि खांद्यावर आदळलो. खांदा निखळला, तो आवाज सगळ्यांनी ऐकला. त्याच्या पायाला मात्र माझा बूट शिवला नाही.

फरशीवाला उभाच होता.

"थांबतो की," तो म्हणाला.

मी म्हणू शकलो असतो की त्या दिवशी चिखल होता, वेग जास्त होता. पण त्या दिवशीही तो गुडघा मला असाच स्वच्छ दिसला होता, आणि मी मनात म्हणालो होतो, बघतोच याला.

"सही कर," फरशीवाला बेकरीवाल्याला म्हणाला. "आणि माझी जर्सी दे याला. दर रविवारी घालू दे." मग तो काठी उचलायला वाकला. त्याला खूप वेळ लागला, आणि त्या वेळात माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

कुणीतरी खांदा बसवला, जर्सीचीच झोळी करून हात गळ्यात बांधून दिला. तसाच घरी आलो. बायको बॅगेजवळ उभी होती. तिने माझं सुजलेलं तोंड पाहिलं.

"मिळाली टीम?"

"मिळाली."

तिने सुस्कारा सोडला आणि बॅग आत न्यायला उचलली. लेक फुटक्या कपाटापाशी अभ्यासाला बसली होती. मी आत पाऊल टाकताच तिने आपलं स्टूल भिंतीकडे सरकवलं. मी गप्प बसलो असतो तर सगळं जागच्या जागी बसलं असतं, पण मला गप्प बसवेना.

"त्या दिवशी हात थांबला असता," मी म्हणालो. "मीच थांबवला नाही."

बायकोने बॅग खाली ठेवली. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुलाच माहीत नसेल, असं धरून मी राहिले होते."

मग तिने लेकीला चपला घालायला सांगितल्या.