शेवंताचं टपाल

साकोलीच्या बसस्टँडमागच्या वाचनालयात १९७९ साली एकाच चालीच्या कादंबऱ्या यायच्या. नायिका सकाळी डोळे उघडते तर घर परकं, नवरा परका, सगळे भलत्याच नावाने हाका मारतात. आणि ही दोनशे पानं चकित! मला त्या बयांचा रागच यायचा. आमच्याकडे लग्न झालेल्या प्रत्येकीचं हेच होतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने 'राधा' लिहिलं आणि माहेरची शेवंता संपली. तरी एक कादंबरी झाली की मी दुसरी आणायचीच.

दुपारी मी मोठ्याने वाचायची आणि सासूबाई, चंद्रभागाबाई, मागासाठी चरख्यावर सुताच्या कांड्या भरत ऐकायच्या. त्या दिवशी त्यांचा चरखा मध्येच थांबला.

"तिचं पहिलं नाव घेऊन कोनी आलं, तं घरचे काय म्हनतीन?"

"अशी कोनी नाही इथं म्हनतीन, दुसरं काय?"

"मीनंबी तेच सांगतलं पोस्टमनले. सोमवारी कोन्या शेवंताचं टपाल घेऊन आला होता."

भंडाऱ्याच्या अध्यापक विद्यालयात मी गुपचूप अर्ज केला होता. शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, म्हणून अर्जावरही तेच नाव. मास्तरीण व्हायची माझी तेवढी एकच वाट होती.

"ते माह्यं होतं!" मी ओरडलेच. "शेवंता म्हनजे मीच!" राग आणि रडू एकदमच आलं.

सासूबाईंनी हातातली कांडी खाली ठेवली. "सोयरीक मानसायनं जमवली. तुह्यं पहिलं नाव मी कधी इचारलंच नाही, बाई." मग म्हणाल्या, "पन लपवलं काहून?"

"तुमी नाही म्हटलं असतं."

"हो, म्हटलं असतं."

मी तशीच पोस्टात धावले. पोस्टमन पुंडलिकराव म्हणाला, टपाल परवाच परत गेलं. मुलाखतीचं असेल, तर तारीख कधीची? कोण सांगणार! संध्याकाळभर मी आत-बाहेर करत राहिले, पुस्तक उघडवेना. सासूबाई कांड्या भरत राहिल्या.

पहाटे कोणीतरी हाका मारत होतं.

"शेवंता, ओ शेवंता, ऊठ. भंडाऱ्याची पहिली गाडी निंगून जाईन. आपन तिथंच जाऊन इचारू."

मी पडूनच राहिले. मला वाटलं, सासूबाई दुसऱ्याच कोणाला तरी उठवतायत.