आईच्या कॉफीला लागलेला वेळ

इटलीत, बोलोन्याच्या कोर्टात दुभाषी म्हणून बसायचं तर समोरचा बोलेल तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला ही शिक्षाच आहे. त्या दिवशी तर मी जीभ दातांखाली धरून बसले होते.

हाब्तोम आमच्या एरिट्रियातला, केरेनकडच्या खेड्यातला. सैन्यातून पळाला म्हणून त्याला वाळवंटात लोखंडी पेटाऱ्यात कोंडून बडवलं होतं. दोरीचे वळ मनगटांवर अजून आहेत. तिथून सुटून घरी आला, तर शिपाई पुन्हा दारात. आईने त्यांना बसवलं, कॉफी करायला घेतली आणि हा परसाच्या भिंतीवरून निसटून टेकडीपल्याड पोचला. आश्रयाचे अर्ज तपासणाऱ्या आयोगाने हे खोटं ठरवलं. एका कॉफीच्या वेळात कोणी एवढ्या लांब पोचत नाही आणि पकडायला आलेले शिपाई कॉफीसाठी थांबत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. न्यायाधीशबाईंनीही तेच मानलं, तर त्याला परत त्या पेटाऱ्याकडे धाडणार होते.

इथली माणसं काउंटरला उभ्याउभ्या घोटभर कॉफी ढोसतात आणि चालू लागतात. आणि आमचा हा शहाणा! कॉफी म्हणजे काय हेही कुणाला सांगावं लागतं, हे त्याच्या गावीच नव्हतं. वकील ओर्सोला भली पोर, पण तीही उभ्याने पिणारी. ती त्या वळांवरच बोलत राहिली.

मोर्गांतीबाईंनी, म्हणजे न्यायाधीशांनी, चष्मा काढला. "कॉफी पिऊन झाल्यावर ते तुम्हाला शोधायला उठले?"

"हो," हाब्तोम म्हणाला. मीही इटालियनमध्ये "हो" म्हटलं. गड्याने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

"तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"टेकडीपल्याड."

"एवढ्यात?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यांना म्हणाला, "एवढ्यात कसं, बाई? दाणे भाजायला नकोत?"

मग तो बोलत सुटला. हिरवे दाणे धुवायचे, भाजायचे, धूर एकेका पाहुण्याच्या नाकाशी न्यायचा, कुटायचे, उकळायचे. एकदा, दोनदा, तीनदा ओतायची. तिसरा पेला म्हणजे घराचा आशीर्वाद. तो टाकून उठत नाहीत. शिपाई झाला तरी त्यालाही आईनेच वाढवलेलं असतं. "त्या दिवशी आईने जाळ अगदी मंद ठेवला होता. एरवी ती एवढी चेंगट नाही."

बाई लिहायच्या थांबल्या. "आणि तिसरा पेला संपल्यावर?"

हाब्तोमने मान खाली घातली. "ते आईला घेऊन गेले."

हे मलाही ठाऊक नव्हतं. पदरचं काही न घालता तेवढंच सांगितलं.

"आयोगाला हे का नाही सांगितलं?"

"त्यांनी माझ्यावर काय गुजरलं, ते विचारलं होतं."

निकाल पुढच्या महिन्यात लागला. आयोगाचा नकार रद्द, हाब्तोमला आश्रय. ओर्सोला आनंदाने आम्हाला समोरच्या बारमध्ये घेऊन गेली आणि तीन कॉफ्या मागवल्या. हाब्तोमने कप दोन्ही हातांत धरला, पण ओठाला लावला नाही. ओर्सोलाने सवयीने उचललेला आपला कप तसाच खाली ठेवला आणि आम्हा तिघांसाठी खुर्च्या ओढल्या.