शिवलेली थरथर

“मावशी, हा मोबाइल आहे हे आधी विसरा,” डिझायनर पोरगी म्हणाली. “लाकूड, लोकर, तसाच हा. वजन आहे, ऊब आहे, थरथर आहे. त्यातूनच काहीतरी घडवायचं. काचेचा पडदा मात्र दिसायला नको.”

टाकेबाईला काय, कुणी चंद्र आणून दिला असता तरी तिनं त्याला खोळ शिवली असती. खोटं कशाला सांगू, तिच्या शिवणीवरून मुंगी फिरून आली तरी शपथेवर सांगेल, इथं जोड नाहीच.

तिनं दोन उशा शिवल्या, प्रत्येकीच्या पोटात एकेक मोबाइल. एक दाबली की दुसरी थरथरायची. चार्जिंगची वायर तेवढी शेपटीसारखी बाहेर. वापरून बघा म्हणून पोरीनं जोडी तिलाच दिली.

एक गेली नवऱ्याच्या हाताखाली. पूर्वी हा माणूस शिंकला की तिसऱ्या गल्लीतलं रांगतं पोर दचकून चालायला लागे. अर्धांगवायूनं वाचा नेली, डावा हात तेवढा ठेवला. दुसरी उशी बाहेरच्या खोलीत, मशीनपाशी, हिच्या मांडीवर. थरथरली की ही उठे. पाणी हवं असे, कूस बदलायची असे. कधी काहीच नको असे.

“उगाच बोलावता होय? म्हातारचळ नुसता.”

त्याच्या ओठांचा एक कोपरा हले.

मग उशी गप्प झाली. हिला वाटलं, बरंय, झोप लागतेय. कामही तुंबलं होतं. संध्याकाळी आत जावं तर चादर ओली.

“दाबायचं नाही का हो? एवढा कसला आळस?”

तो भिंतीकडे बघे.

बऱ्याच दिवसांनी पोरगी आली. तिनं त्याची उशी उसवली. कापसात पडदा उजळला. कंपनीनं दूर बसून मोबाइलमध्ये काहीतरी बदललं होतं, आणि तो आतल्या आत विचारत बसला होता: निरोप पोचवू का? हो की नाही?

“म्हणजे हे दाबत होते?”

पोरीनं पडद्यावरची नोंद वर सरकवली. “सुरुवातीला खूप वेळा, मावशी. मग कमी कमी. परवापासून नाही.”

“लाकूड असं करत नाही गं.”

पोरीनं ‘हो’ दाबलं. टाकेबाईनं उशी शिवून त्याच्या हाताखाली सरकवली. “अहो, मला कळलंच नाही. दाबा ना आता.”

त्यानं हात काढून पांघरुणात घेतला.

ती वाट बघत राहिली. शेवटी तिनंच दाबली. बाहेर मशीनपाशी, रिकाम्या खुर्चीवर, तिची उशी थरथरत राहिली.